एक पायरी खाली

डॉक्टर हेरवाड्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि मी सवयीनं तो त्यांच्या हातातून घेऊन तिरका केला.

"सरळ धरा, मगदूम," ते म्हणाले. "ही रेकॉर्ड नव्हे."

मी सरळ धरला. उजव्या बाजूला बरगड्यांच्या मागं एक पांढरट डाग होता, रेकॉर्डीवर बुरशी येते तसा. बुरशी ओल्या फडक्यानं निघते. हे निघणारं नव्हतं एवढं मला कळलं, बाकी काही कळलं नाही.

माझ्या बायकोला, शालनला, त्यांनी मला बोलवायच्या आधी तपासलं होतं. ती बराच वेळ आत होती. बाहेर आली ती बाकावर बसली आणि मला म्हणाली, "जावा, तुम्हाला बोलावलंय." तिच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नव्हतं.

"फुप्फुसात गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "पाणीही झालंय. ते आपण काढू, म्हणजे दम कमी लागेल."

"आणि मग?"

त्यांनी टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं. "वर्षभर तरी काढतील."

"मुंबईला न्यायचं का?"

"मुंबईची घाई करू नका. घरचं खाऊ दे. त्यांना जे आवडतं ते करू दे. त्रास वाढला तर माझ्याकडं या."

मिरजेहून सांगलीला आम्ही रिक्षानं परत आलो. शालन कडेला बसली होती. पदर नाकाला लावून ती रस्त्याकडं बघत होती.

"काय म्हणाले?"

"वर्षभर तरी, म्हणाले. मुंबईची घाई नको म्हणाले."

"हं."

"तुला काय म्हणाले?"

"मला म्हणाले, धुळीत बसू नका." तिनं पदर नाकावर नीट धरला. "तोंडाला रुमाल बांधीन. सोमवारपास्नं अक्कोळ्यांकडं जाऊ."

"अगं, आता कुठलं अक्कोळे..."

"दसऱ्यानंतर ते बंगळूरला चाललेत. शब्द दिलाय आपण."

सांगलीत आमचं जुन्या रेकॉर्डींचं दुकान होतं. मी मूळचा रेडिओ-ग्रामोफोन दुरुस्त करणारा. कॅसेटी आल्यावर लोक रेकॉर्डी रद्दीत घालायला लागले, तेव्हा आम्ही त्या घ्यायला लागलो. रेकॉर्ड विकणं अवघड नसतं. तिची अवस्था नेमकी सांगणं अवघड असतं, कारण गिऱ्हाईक असतं पुण्याला नाहीतर हैदराबादला, आणि ते रेकॉर्ड न बघता फोनवर आमच्या शब्दावर घेतं.

आम्ही दोघं पाठीला पाठ लावून बसायचो. ही पद्धत शालनची. कव्हर देखणं असलं की माणूस आतली रेकॉर्डही चांगलीच धरतो. कव्हर फाटकं असलं की चांगल्या रेकॉर्डीवरही त्याला रेघा दिसायला लागतात. म्हणून कव्हर तिच्याकडं राहायचं, आणि रेकॉर्ड साध्या कागदी पिशवीत घालून ती हात मागं करून मला द्यायची. मी कव्हर बघायचं नाही, तिनं रेकॉर्ड बघायची नाही. दोघांनी आपलं मत मोठ्यानं सांगायचं, आणि एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी आत सरकवायची.

नवीकोरी, उत्तम, चांगली, बरी, नुसती वाजते. त्याच्या खाली भंगार. या आमच्या पायऱ्या. आणि जे दिसेल त्याच्या एक पायरी खाली सांगायचं, हाही शालनचाच नियम. उत्तम दिसली तर चांगली म्हणायचं, चांगली दिसली तर बरी. "आपली नजर चुकली तर त्याचा भार दुसऱ्यानं का सोसायचा?" असं ती म्हणायची. आमचं पार्सल उघडून कोणी नाराज झालं असं कधी झालं नाही.

इतकी वर्षं हे केल्यावर मला सगळीकडंच तसं ऐकायची सवय लागली होती. गवंडी असो, मेकॅनिक असो, माणूस भला असेल तर तो एक पायरी खालचंच सांगणार. डॉक्टर हेरवाडे भले होते. त्यांनी वर्ष सांगितलं होतं. रिक्षा वाटेतल्या विश्रामबागेत पोचेपर्यंत मी त्याची तीन-चार वर्षं करून टाकली.

अक्कोळे वकील जयसिंगपूरला राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आता मुलगा त्यांना बंगळूरच्या आपल्या फ्लॅटवर नेणार होता. तिथं कपडे आणि औषधं ठेवायला जागा होती, रेकॉर्डींना नव्हती. पुण्याचे एक गृहस्थ सगळा साठा घ्यायला तयार होते, पण प्रत्येक रेकॉर्डीची अवस्था आमच्या तोंडून ऐकल्याशिवाय नाही. नाट्यगीतं, भावगीतं, कानडी भजनं, नाटकांचे पुरे अंक. दोन खोल्यांत कपाटं भरली होती.

मला समोरून उजेड लागतो म्हणून मी खिडकीकडं तोंड करून बसलो. शालन माझ्या पाठीला पाठ लावून, घराकडं तोंड करून. तिच्यासमोर अक्कोळे आरामखुर्ची ओढून बसले. आपल्या रेकॉर्डींचा निकाल त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता.

"कव्हर बरं," शालन म्हणाली.

"बरं?" खुर्ची करकरली. "अहो बाई, हे मी कपाटातनं बाहेर काढलेलं नाही!"

"काढलं नसतं तर कोपरे मऊ झाले नसते, अण्णा. आणि इथं कपाचा गोल डाग आहे. चहाचा."

"चहाचा नव्हे. कॉफीचा. आमच्या घरात चहा कधी नव्हता."

"मग कॉफी म्हणून एक मार्क वाढवू का?"

"रेकॉर्ड चांगली," मी म्हणालो.

"बघा! यजमान माझ्या बाजूनं आहेत."

"त्यांनी तुमची कॉफी बघितली नाही अजून," शालन म्हणाली.

मग तिनं त्यांना एक पायरी खालचा नियम समजावून सांगितला. अक्कोळे मोठ्यानं हसले. "तुमच्यासारखा साक्षीदार मला एक जरी मिळाला असता ना बाई, तर माझी सगळी अशिलं आत गेली असती."

पाठीला पाठ असली की माणसाचा श्वास कळतो. तोवर मी कधी लक्ष दिलं नव्हतं. आता माझं दुसऱ्या कशात लक्षच नव्हतं. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरायची, घासून राखाडी पडली आहे की काळी कुळकुळीत आहे ते बघायचं, मधल्या भोकाभोवती ग्रामोफोनच्या खिळ्याचे ओरखडे किती ते बघायचं, रेघ दिसली तर तिच्यावरून नख हलकेच फिरवायचं. नख अडकलं तर सुई टकटक करणार. हे हात आपोआप करतात. कान मागं होते. तिचा श्वास यायचा, जायचा, मधेच अडायचा. अडला की माझा हात थांबायचा.

"काय झालं?" मी विचारायचो.

"काय झालं म्हणजे? वास घेतेय कव्हराचा. ओल लागलेली दिसते."

"दमली असशील तर..."

"तुमच्या हातातली रेकॉर्ड कशी आहे ते सांगा. मघापास्नं धरून बसलाय."

आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं. चार वाजून गेले की अक्कोळ्यांकडच्या स्वयंपाकाच्या बाई आम्हाला पानं वाढायच्या. शालन भात चिवडायची. मी बघायला लागलो की एक घास घ्यायची आणि माझ्याकडं बघून म्हणायची, "मोजताय काय?"

दोन-चार दिवसांनी सकाळी गेल्या गेल्या ती माझ्या जागेवर जाऊन बसली, खिडकीकडं तोंड करून.

"आजपास्नं कव्हरं तुम्ही बघा."

"का?"

"वाकून वाकून मान धरते. रेकॉर्ड नुसती उजेडात धरायची असते."

मला कव्हरं बघायला कधीच आलं नाही. मी चित्र बघतो. गाणाऱ्या बाईंचा फोटो स्वच्छ असला की मला कव्हर चांगलं वाटतं. शालन हात मागं करून माझ्याकडून रेकॉर्ड घ्यायची आणि न बघताच मला प्रश्न विचारायची.

"वरची शिवण बघितली?"

"बघितली. शाबूत आहे."

"बाहेरनं बघितली. बोट आत घाला. कागद सुटलाय का?"

बोट आत घातलं की कागद सुटलेला असायचा.

"रेकॉर्डीचा गोल उमटलाय का वर? तिरकं धरा, तुमच्या रेकॉर्डी धरता तसं. आत कुणी नाव लिहिलंय? चिकटपट्टी लावलीय? पिवळी पडलीय का?"

"कव्हर चांगलं."

"मागची बाजू बघितली?"

"नाही."

"अहो!" ती एकदम चिडून म्हणाली. "मी काय जन्मभर मागं बसून विचारणार आहे का?"

ती कधी चिडायची नाही. मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस जास्त बोलतो, तसा बोलत सुटलो. "बसणार की. कुठं जातेस? पुढच्याच्या पुढच्या वर्षी बेळगोळचा बारा वर्षांचा महामस्तकाभिषेक आहे. गेल्या खेपेला चुकला, या खेपेला दोघं जाऊ. मी चौगुल्यांच्या बसवाल्याशी बोलूनसुद्धा ठेवलंय. पुढची सीट सांगितलीय, तुला मागं लागतं म्हणून."

तिची पाठ माझ्या पाठीला होती. ती हलायची थांबली.

"जाऊ की," ती म्हणाली. "पुढचं कव्हर घ्या."

त्या दिवशी जेवण झाल्यावर शालन आतल्या खोलीत जरा आडवी झाली. अक्कोळ्यांनी मला खुणेनं परसात बोलावलं. पेरूच्या झाडाखाली ते काठी टेकून उभे राहिले.

"मगदूम, बाईंनी जागा का बदलली ठाऊक आहे?"

"मान दुखते म्हणाली."

"मी बघत होतो म्हणून बदलली." त्यांनी आतल्या दाराकडं एकदा बघितलं. "तुम्ही पाठ करून बसत होता. मी समोर होतो. त्यांना कळ आली की त्या कव्हर नाकाशी न्यायच्या. डोळे मिटून तसंच धरायच्या. मला आधी वाटलं ही तुमची धंद्यातली पद्धत असेल."

"पद्धतच आहे. ओल वासानं कळते."

"सगळ्याच कव्हरांची?"

मी पायाशी पडलेला पेरू बाजूला सारला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वर्षभर. म्हणजे तसं जास्तच."

"जास्त कुठनं आणलंत?"

"ते भले आहेत, अण्णा. खालचंच सांगणार."

अक्कोळ्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "भला माणूस बोलला की तो कुणाच्या सांगण्यावरनं बोलतोय तेवढं विचारावं," ते म्हणाले. "उद्या एकटे जाऊन या."

दुसऱ्या दिवशी मी शालनला जयसिंगपूरच्या एसटीत बसवलं आणि रेकॉर्डींच्या कागदी पिशव्या आणायच्या म्हणून मिरजेला गेलो. डॉक्टरांकडं गर्दी होती. माझा नंबर येईपर्यंत मी मनात वाक्य तयार केलं होतं. आत गेल्यावर ते तसंच म्हणून टाकलं.

"डॉक्टर, तुम्ही मला एक पायरी खाली सांगितलंत ना?"

त्यांना काही कळलं नाही. मी समजावलं. उत्तम असली की चांगली म्हणायची, चांगली असली की बरी. ते ऐकत गेले. हसले नाहीत.

"बसा, मगदूम."

"उभाच बरा आहे."

"मी तुम्हाला वरचं सांगितलं," ते म्हणाले. "त्यांनी मला सांगायला लावलं. त्यांना मी खरं सांगितलं होतं, त्यांनी सरळच विचारलं होतं. नवऱ्याला वर्ष म्हणा, म्हणाल्या. मला ते पटलं नव्हतं, पण पेशंट त्या आहेत."

"आणि खरं काय?"

"दिवाळी बघतील की नाही, मला सांगता येत नाही."

"पण तुम्ही मुंबईची घाई नको म्हणाला होता."

"आता तिथं काही होण्यासारखं नाही म्हणून."

पिशव्या घ्यायच्या राहिल्याच. जयसिंगपूरला पोचलो तेव्हा शालन खिडकीशी बसून रेकॉर्ड उजेडात धरून बघत होती. रुमालाची गाठ मानेवर आली होती. मी येऊन तिच्या पाठीला पाठ लावली. समोर अक्कोळे होते. त्यांनी माझं तोंड बघितलं, "माझी गोळी राहिली," असं काहीतरी पुटपुटले आणि काठी घेऊन आत गेले.

"पिशव्या मिळाल्या?" शालननं विचारलं.

"नाही."

"मग एवढा वेळ कुठं होता?"

मी कव्हर उचललं. कुठलं ते आठवत नाही. वरची शिवण बघितली, बोट आत घातलं.

"हेरवाड्यांकडं गेला होता," ती म्हणाली.

"होय."

खालच्या रस्त्यावरून वैरणीची बैलगाडी जात होती. तिचा आवाज जाईपर्यंत मी कव्हराच्या आतल्या कागदावरून बोट फिरवत होतो.

"का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला रोज उजेडाकडं धरून तिरकी केली असती," ती म्हणाली. "तुम्हाला एकदा रेघ दिसली की दुसरं काही दिसत नाही. मला तसं कुणी बघायला नको होतं."

"मग वर्ष कशाला?"

"कमी सांगितलं असतं तर तुम्ही दुकान बंद करून उशाशी बसला असता. जास्त सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. वर्ष मला बरोबर वाटलं."

"मी त्याची तीन-चार वर्षं केली."

"काय केलं?"

"एक पायरी वर चढवलं. डॉक्टर खालचंच सांगणार म्हणून."

मग तिची पाठ हलायला लागली. मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती.

"अगं बाई! म्हणून तो अभिषेक होय? मला वाटलं माझं मन राखायला म्हणताय. रात्रभर मला बरं वाटत होतं, कधी नव्हे ते तुम्हाला एवढं सुचलं म्हणून."

"मी खरंच बोललोय बसवाल्याशी. पुढची सीट..."

"पुरे हो!" ती आणखी हसली. हसता हसता खोकला आला, आणि तो थांबेना. मी उठून वळलो. इतक्या वर्षांत काम चालू असताना मी कधी वळलो नव्हतो. तिचा चेहरा काळपट झाला होता, कपाळावर घाम होता, आणि एका हातात तिनं रेकॉर्ड कडेनं धरलेली होती, बोट कुठं लागणार नाही अशी.

मी पाणी दिलं. दोन घोट घेऊन तिनं तांब्या बाजूला ठेवला आणि मोकळ्या हातानं माझ्या दंडाला धरून मला परत फिरवलं.

"तिकडं तोंड करा. कव्हर तुमच्या हातात आहे. मला दिसलं तर मत बिघडेल."

"बिघडू दे आता."

"नाही. तिकडं बघा. रडायचं असलं तर तिकडं बघून रडा, पण कव्हरावर पाणी पडू देऊ नका. डाग जात नाही."

मी फिरून बसलो. तिनं पाठ टेकली. पहिल्यासारखी नुसती लावली नाही, सगळा भार माझ्यावर टाकला. मला दोन्ही हात जमिनीला टेकून बसावं लागलं.

"रेकॉर्ड बरी," ती म्हणाली. "कव्हर?"

"थांब जरा."

"थांबते. मागची बाजूपण बघा."

त्यानंतर थोडे दिवस आम्ही जात राहिलो. दुपारपर्यंत, मग सकाळपुरतं. अक्कोळ्यांनी तिच्यासाठी भिंतीशी लोड लावून दिला होता. तो तिनं वापरला नाही. आपल्या प्रत्येक रेकॉर्डीसाठी भांडणं त्यांनी सोडलं नाही. तिला बोलताना दम लागायचा तेव्हा ते भांडण लांबवायचे, म्हणजे तिला तेवढा वेळ उत्तर द्यावं लागायचं नाही. शेवटी शेवटी ती नुसतं बोट दाखवायची, वर की खाली, आणि मी मोठ्यानं सांगायचो.

दसरा झाला. अक्कोळे गेले नाहीत, मुलाला त्यांनी पाय दुखतात म्हणून कळवलं. दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या दुपारी, शालन आमच्या घरीच वारली. मी तिच्याकडं तोंड करून बसलो होतो. तेवढं तिनं मला करू दिलं.

अक्कोळे बंगळूरला जाताना मागच्या खोलीतलं एक कपाट शिल्लक होतं. त्यातल्या रेकॉर्डी मी टेम्पोनं सांगलीला आणल्या. ते अधूनमधून फोन करून विचारायचे, "मगदूम, झालं का?" मी म्हणायचो, "होतंय, अण्णा." पुढं त्यांचेही फोन बंद झाले. पुण्याच्या गृहस्थांनी दोनदा निरोप पाठवला, की नुसती रेकॉर्डींची अवस्था सांगा, कव्हरं कशीही असू देत, आम्ही घेतो. मी नको म्हटलं. अर्धं काम सांगून माल द्यायची आमची पद्धत नाही.

पुढच्या वर्षाच्या पुढच्या वर्षी चौगुल्यांची बस बेळगोळला गेली. मी गेलो नाही.

दुकान आता भाच्याकडं आहे. त्या कपाटातल्या रेकॉर्डी माझ्याकडं वरच्या खोलीत आहेत. कधी सकाळी उजेड चांगला असला की मी एक-दोन बघायचो. आता आतल्या सगळ्या रेकॉर्डी बघून झाल्या आहेत. कव्हरं बघायची राहिली आहेत.